सतरा एकांची फोड

२ फेब्रुवारी, सोमवार

हातच्या,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून हुरळून जाऊ नकोस. समेट वगैरे काही नाही. मावशीने तुझा नवा पत्ता दिला आणि सांगितलं, की कॉलेजातली नोकरी सोडून तू समुद्रापलीकडे शिकवायला चाललास, अठ्ठावीसला निघतोस आणि निदान पाच वर्षं तरी परतणार नाहीस. मी म्हटलं, "जाऊ दे की. मला काय त्याचं?" मावशी म्हणाली, "काही नसतं तर पत्ता दोनदा लिहून घेतला नसतास." तिला हल्ली कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

कामाचं लिहिते. आपली संख्या मी सोडलेली नाही. तू सोडली असशील, आणि तुझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. सतरा वेळा एक: ११,११,११,११,११,११,११,१११. तू सात वर्षांचा होतास आणि मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागून महिना झाला होता. लांबच्या कॉलची नोंद करायचं एक कोरं तिकीट तुझ्या हाती लागलं. त्यावर एका ओळीत सतरा चौकोन होते. तू सगळ्यांत एक-एक भरलास आणि विचारलंस, "ताई, याला कशाने भाग जातो?" मी म्हटलं, "डोकं खाऊ नकोस." पुढे तू गणित शिकवायला लागलास आणि दोघांनी मिळून सहा वर्षं तेच डोकं खाल्लं.

पाच एक फुटतात, एकेचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकही फुटतात. सतरांचं काय, ते आपल्या दोघांना माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायचं नाही अशी शपथ होती. तू हुशारी केलीस, हे मान्य आहे. सतरा एकांना भागणारी संख्या असलीच तर ती चौतीसच्या पाढ्यात एक मिळवूनच येणार, हे तू सिद्ध केलंस. त्यातल्याही ज्या मूळ संख्या आहेत, तेवढ्याच तपासायच्या. पाढ्यातली विषम घरं तुझी, सम माझी. तिसऱ्या घरातला एकशे तीन तुझा, चौथ्या घरातला एकशे सदतीस माझा. दिवसाला दोन भागाकार तू करायचास, दोन मी. तुझ्या बाक्या तू पत्राने कळवायचास आणि मी त्या वहीत उतरवायचे.

मग साठ हजार नऊशे तेहतिसाव्या घरापाशी तू चुकलास आणि पाय लावून पळालास. तेव्हापासून सम-विषम दोन्ही मीच बघते. साडेसत्तावीस लाखांपर्यंत आले आहे. दहा कोटी चोपन्न लाखांपर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंत, काही सापडलं नाही, तर आपली संख्या अभेद्य. या वेगाने अजून तीनशेहून जास्त वर्षं लागतील. मला घाई नाही.

तर, तू जायच्या आधी चौदाच्या चौदा वह्या तुला पाठवणार आहे. प्रत्येक भाजक, आणि त्यापुढे बाकी. तिकडे निवांत वाच, म्हणजे कोण कुठे चुकलं ते कळेल.

आशीर्वाद आहेतच. ते भांडणात धरत नाहीत.

ताई


६ फेब्रुवारी, शुक्रवार

हातच्या,

तुझं उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. पोस्टमन दोनदा दारावरून गेला तेव्हा मी खिडकीत होते, तो योगायोग.

मावशी म्हणते, फळ्यापाशी मी तुझी इभ्रत घालवली. ती काही तिथे नव्हती. मी होते, म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवते.

तू बोलावलंस. "सापडलं, पण पत्रात सांगत नाही, ये." मी चार तास बसमध्ये बसून आले. गणित विभागाच्या खोलीत वीसेक माणसं, पुढच्या बाकावर विभागप्रमुख बाई, मागे तुझे विद्यार्थी. तू म्हणालास, "लिहायला ताईला द्या. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे, आणि तिचा जन्म ऐकून लिहिण्यात गेलाय." मी आयुष्यात पहिल्यांदा खडू धरला. तू वाचलंस. लहान भाजक वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मग मोठा, भरभर, जोड्या-जोड्यांनी: "पाच, छत्तीस, बत्तीस, बावीस, तीन, सत्तावन्न." मी लिहिलं. गुणाकारही मीच केला, सगळ्यांसमोर, एकदाही न पुसता. उजवीकडून एक यायला लागले. सात एक आले तेव्हा मागे कुणीतरी टाळी वाजवली. आठव्या जागी दोन आला. नवव्या जागी तीन. शेवटी झालं ११,६७,०४,७६,३२,११,११,१११.

मी लगेच नवाचा ताळा केला. लहान भाजकाच्या आकड्यांची बेरीज करत गेलं की चार उरतात, मोठ्याचे दोन. चार दुणे आठ. उत्तराचेही आठ. म्हणजे माझा गुणाकार बिनचूक, आणि चूक तुझ्या संख्येत. एवढं सरळ आहे. तेव्हा मी वळून म्हटलं, "हातचा विसरला असेल. लहानपणापासून विसरतो. घरात आम्ही याला हातचा म्हणतो ते उगीच नाही."

लोक हसले. खरं सांगायचं तर नाव त्यामुळे पडलेलं नाही. माझ्यानंतर अकरा वर्षांनी तू झालास, तेव्हा मावशी म्हणाली होती, "आईबाबांनी एक हातचा राखून ठेवला होता बरं का." पण विनोद जमत होता, म्हणून केला. तू फळ्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, "हो, चूक झाली" म्हणालास आणि खाली बसलास. यात माझं काय चुकलं? पोरं तुला 'हातचा सर' म्हणायला लागली, दारावर खडूने लिहायला लागली, हे मला फार नंतर मावशीकडून कळलं. त्याचं वाईट वाटलं. तेवढंच.

आणि तू काय केलंस? आठवड्याने एक कार्ड पाठवलंस. मधोमध ३६. ना ताई, ना नमस्कार, ना सही. छत्तीसचा आकडा! तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले. म्हटलं, वा रे वा. आई गेल्यावर ज्याचं नाक पुसलं, शाळेचे धडे घेतले, तो मला कार्डावर भांडण पाठवतोय. ठीक आहे. तुला छत्तीस तर मलाही छत्तीस. त्यानंतर तुझी एक ओळ आली नाही.

ताई


११ फेब्रुवारी, बुधवार

हातच्या,

मागच्या पत्रात एक चुकीची नोंद झाली. आमच्याकडे एक्स्चेंजमध्ये नियम आहे, चुकीची नोंद ज्याने केली त्यानेच दुरुस्त करायची आणि खाली सही करायची. तर, 'एक ओळ आली नाही' हे खरं नाही. तुझी दोन पत्रं आली होती, दोन्ही चांगली जाड. मी ती न फोडता परत पाठवली. पोस्टमन म्हणाला, "बाई, भावाचं अक्षर दिसतंय." मी म्हटलं, "तुमचं काम पत्र देण्याचं, अक्षर ओळखण्याचं नाही." दुसऱ्या वेळी तो काही बोलला नाही, आणि त्याने बोलावं असं मला वाटत होतं.

सही: ताई. झाली दुरुस्ती.

आता वह्यांचं. कापडात बांधायला काढल्या तेव्हा अकराव्या वहीत एका भाजकापुढे बाकीचा रकाना कोरा दिसला. तुझाच तो, साठ हजार नऊशे तेहतिसाव्या घरातला. फळ्यावर गुणाकार फसला म्हणून मी त्यावर नुसती काट मारली होती. भागाकार करून बघितलाच नव्हता. कोरा रकाना ठेवला म्हणून मी एक्स्चेंजमधल्या मुलींना सगळ्यांसमोर झापते, आणि माझ्याच वहीत हे असं! उद्या जेवणाच्या सुट्टीत भरून टाकते. बाकी किती येते तेही कळवते, म्हणजे तू किती लांबून चुकलास याचा तुला अंदाज येईल.

ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

हातच्या,

बाकी शून्य.

आमच्या विश्रांतीच्या खोलीत बसले होते. डबा शेजारी तसाच होता. या भागाकारात गंमत अशी की वरून कायम एकच उतरवायचा असतो, दुसरा आकडाच नाही. भागायचं, एक उतरवायचा, पुन्हा भागायचं. पाच आले. तीन. सहा. तीन. मग दोन, दोन, दोन. तीन. पाच. शेवटी एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट उरले, आणि तुझा भाजक साती म्हणजे नेमके तेवढेच. काही शिल्लक राहिलं नाही. मी पान उलटलं आणि सगळा भागाकार पुन्हा केला. पुन्हा शून्य.

समोर बसलेली मुलगी म्हणाली, "बाई, बरं वाटत नाही का?"

मी म्हटलं, "सतरा एक फुटले."

ती उठून म्हणाली, "कुठे? कुणाला लागलं नाही ना?"

पुढचं उद्या लिहिते.

ताई


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हातच्या,

फळ्यावर जे लिहिलं ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं होतं. काल संध्याकाळी दोन्ही आकडे एकाखाली एक ठेवले. भागाकारात आले ५,३६,३२,२२,३५७. फळ्यावर मी लिहिले होते ५,६३,३२,२२,३५७.

तू छत्तीस म्हणालास. मी त्रेसष्ट लिहिलं.

आपल्याकडे आकडा उलटा बोलतात. 'छत्तीस'मध्ये आधी सहा ऐकू येतो, मग तीस. ऐकता ऐकता लिहिणाऱ्याचा हात घाईत आधी सहा लिहून मोकळा होतो. पहिलीत तू हेच करायचास आणि मी तुझा कान पिरगाळायचे. म्हणूनच आमच्याकडे सक्त ताकीद आहे, आकडा सुटा सांगा, तीन, सहा, जोडीने सांगू नका. ही ताकीद नव्या मुलींना देतं कोण? मी. आणि दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, म्हणून नवाच्या ताळ्याला ही चूक कधीच सापडत नाही, हे शिकवतं कोण? तेही मीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! एका जोडीत माझा हात फिरला आणि गुणाकार मात्र मी असा चोख केला, की चूकसुद्धा बिनचूक गुणली गेली.

यावर मी हसले देखील, थोडा वेळ. मग ते कार्ड आठवलं.

तू मला भांडण पाठवलं नव्हतंस. दुरुस्ती पाठवली होतीस. 'ताई, त्रेसष्ट नाही, ३६.' आकड्यांवर आयुष्य काढलेल्या बाईला आणखी काय लिहायचं, असंच तुला वाटलं असणार. आणि त्या बाईने आकडा वाचायचा सोडून म्हण वाचली. मागून आलेल्या दोन जाड पत्रांत हेच असणार, आणि ती मी फोडलीसुद्धा नाहीत. मला रडू आलं. असलं लिहायला मला आवडत नाही, पण आलं.

रडून झालं. आता मी काय करणार ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. सोमवारची रजा टाकली आहे. तुझ्या कॉलेजात जाते. विभागप्रमुख बाईंना चिठ्ठी गेली आहे की माणसं जमवा, तीच जमवा, आणि फळा रिकामा ठेवा. ज्या लोकांसमोर तुझी इभ्रत मी घालवली, त्यांच्यासमोर ती मीच परत आणणार. मग सत्तावीसला तुझ्याकडे येते. तू निघायच्या आधी मला तुला बघायचं आहे. वह्या पाठवत नाही. त्या निमित्त होत्या.

ताई


१८ फेब्रुवारी, बुधवार

हातच्या,

सोमवारी गेले. विभागप्रमुख बाई होत्या, तुझे दोघे-तिघे सहकारी होते, आणि त्या दिवशी मागे बसलेली दोन पोरं आता तिथेच शिकवतात, तीही आली. मी नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही. खडू घेतला, दोन्ही संख्या लिहिल्या, एकेक आकडा मोठ्याने म्हणत, आणि गुणाकार केला. उजवीकडून एक येत गेले. सातवा आला, आठवा आला, नववा आला, आणि सतरावा एक डाव्या टोकाला बसला. मी वळले. टाळ्या वाजल्याच नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, यांना समजलं नाही. म्हणून मी छाती पुढे काढून सांगितलं, "माझा भाऊ तेव्हा बरोबर होता."

विभागप्रमुख बाई हळूच म्हणाल्या, "अहो, आम्हाला माहीत आहे."

मी विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. सकाळी पहिल्या तासाच्या आधी त्याने आम्हाला सगळ्यांना इथे बोलावलं. याच फळ्यावर गुणाकार करून दाखवला, सतराच्या सतरा एक. म्हणाला, संख्या बरोबर आहे, काल वाचताना मी चुकलो, छत्तीसच्या जागी त्रेसष्ट वाचून गेलो."

त्या दोन पोरांपैकी एक म्हणाला, "मी तेव्हा सरांना म्हटलं होतं, सर, तुम्ही छत्तीसच म्हणालात, मी ऐकलं. तर सर म्हणाले, नाही रे. ताई ऐकण्यात चुकत नाही."

मी कुठल्या तरी बाकावर बसले. बाईंनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "आम्ही त्याला म्हटलं, बहिणीला कळव की. तो म्हणाला, कळवतोय."

हातच्या, मी तुझी इभ्रत परत आणायला गेले होते आणि ती तिथे शाबूत होती. धोका माझ्या इभ्रतीला होता, आणि तू ती झाकून ठेवली होतीस. ज्यांच्यासमोर मी तुझी टिंगल केली, त्यांच्यासमोर तू माझा कान शाबूत ठेवलास. तीन वर्षं सगळ्या जगात तुला चुकीचा ठरवणारी मी एकटीच होते, आणि तू जिला वाचवलंस तीही मीच.

मी उठले आणि त्यांना सांगितलं, तो छत्तीसच म्हणाला होता. फळ्यावर गुणाकाराखाली लिहिलं, 'मागील चूक लिहिणारीची', आणि सही केली. त्या पोराने खडू हातातून घेतला नसता तर आणखीही बरंच लिहिलं असतं.

मला माफ कर. हे वाक्य मी जन्मात कुणाला लिहिलेलं नाही, त्यामुळे नीट जमलं का ते मला कळत नाही. सत्तावीसला सकाळच्या गाडीने येते. यायला नको असेल तर तसं कळव. मी वाईट वाटून घेणार नाही असं लिहिणार होते, पण घेईन.

ताई


२१ फेब्रुवारी, शनिवार

ताईस नमस्कार.

सहाही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसलो. चौथं अर्ध्यात थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उत्तर रोज लिहायला घेत होतो आणि रोज फाडत होतो, कारण एक गोष्ट तुला सांगायची होती आणि धीर होत नव्हता.

परवाचं पत्र आलं आणि मला लाज वाटली. तू मला फार चांगला करून टाकलं आहेस. ताई, त्या कार्डावर जागा भरपूर होती. 'तू त्रेसष्ट लिहिलंस' एवढं सहज मावलं असतं. मी ते मुद्दाम लिहिलं नाही. मनात म्हटलं, आकडे शिकवणाऱ्या बाईसाहेबांना बघू कधी कळतं. छत्तीसचा दुसरा अर्थ मला माहीत नव्हता असं थोडंच आहे? तो तुला टोचावा, असंही थोडं वाटत होतं. लोकांसमोर तुला सांभाळलं खरं, पण घरात हिशेब चुकता करायला बसलो. दोन पत्रांत सगळं नीट लिहिलं होतं. ती परत आली तेव्हा तिसरं लिहायला हवं होतं, नाहीतर सरळ गाडीत बसायला हवं होतं. चार तासांचा तर रस्ता होता. पण मीही तुझ्याच हाताखाली वाढलो. तू दार लावलंस आणि मी ते ठोठावलं नाही. तेव्हा माफी एकटीच मागू नकोस, मलाही मागायची आहे.

निघायची तारीख पुढे जाते का, ते काल विचारून आलो. नाही जात. अठ्ठावीसला निघावंच लागेल.

म्हणून सत्तावीसला येऊ नकोस. हे पत्र हातात पडेल तेव्हा बॅग भर आणि मिळेल त्या गाडीने निघ, रजेचा अर्ज इथून पाठवता येईल. खोलीत एकच खाट आहे, ती तुला. सत्तावीसला आलीस तर आपल्याला एक दिवस मिळेल. सोमवारी निघालीस तर पाच मिळतील.

तुझा धाकटा